आठवा ढोल सुपारीचा

मागच्या वर्षीच्या शिमग्यात आमच्या बाबांनी गावाचं गाऱ्हाणं बुडवलं. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर टेकली, सनई थांबली, ताशे थांबले, गुरवकाकांनी हात जोडून ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात केली, आणि बाबांचा ढोल आपला चालूच. डोळे मिटलेले, मान डोलतेय, टिपरू पडतंय. गुरवकाका गावाच्या वतीनं देवाकडे काय मागत होते ते शेजारी उभ्या असलेल्या मला कळलं नाही, देवाला काय कळणार! प्रत्येक मागणीनंतर गावानं एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. लोक आपले अंदाजानं म्हणत होते. शेवटी माझ्या चुलतभावानं बाबांचा हात धरला. बाबांनी डोळे उघडले, तर अख्खं गाव त्यांच्याकडे बघतंय.

“काय झालं? पालखी पडली काय?” त्यांनी विचारलं. तेही असं ओरडून, की सहाणेखाली झोपलेली दोन कुत्री उठून गेली.

गाव हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू. बाबा मात्र त्या दिवशी घरी येताना ढोल छातीशी धरून आले, एरवी खांद्याला लटकवतात.

आमचं गाव भाट्याच्या खाडीपलीकडे. मी रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवते, रोज स्कूटरवरून पूल ओलांडून जाते. गावात आमच्या घराला एकच मान आहे. शिमग्यात देवळातून पालखी उठायची तर ढोलावर पहिला ठोका आमच्या घरातल्या माणसाचा पडावा लागतो. तो पडल्याशिवाय पालखीला कोणी खांदा देत नाही. बाकी वर्षभर गावच्या बैठकीत आम्हाला कोणी ‘बसा’सुद्धा म्हणत नाही, पण त्या एका ठोक्यासाठी सगळं गाव आमच्या बाबांच्या हाताकडे बघत थांबतं. आजोबांनी टिपरू बाबांच्या हातात दिलं ते माझ्या जन्माच्याही आधी.

चार दिवसांनी मानकरी घरी आले. त्यांच्यात मुख्य म्हणजे ड्रायव्हरकाका. आयुष्यभर घाटातून एस.टी. चालवलेला माणूस, त्यामुळे कान हा त्यांच्या मते थेट अपघाताचा विषय. ते म्हणाले, “पुढच्या शिमग्यापर्यंत कानांचं काय ते बघा. ऐकू येत असेल तर ढोल तुमचा. नसेल तर पुतण्या उभा राहील.” पुतण्या म्हणजे तोच माझा चुलतभाऊ. तो बिचारा कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता, जसं काही त्यानंच बाबांचे कान चोरले.

बाबांना हे सगळं मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, कागदाची घडी केली, खिशात टाकली. पुढे दोन दिवस त्यांनी माशाला हात लावला नाही. आमच्याकडे माणूस समोरचं सौंदाळ्याचं कालवण सरकवतो म्हणजे प्रकरण फार पुढे गेलेलं असतं. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, कानातलं यंत्र आणलं. ते त्यांनी तीन दिवस घातलं आणि काढून चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं. “ह्याच्यात माणसं ऐकू येत नायत. भांडी ऐकू येतात,” म्हणाले.

आश्विनात दादा बोटीवरून घरी आला. दादा मालवाहू बोटीवर फिटर आहे. त्यानं बॅग उघडली, तीन मोजे सोडवले आणि आतून एक वीतभर लाकडी देव काढला. केस तारेसारखे उभे, डोळे वटारलेले, जबडा उघडा, कमरेला वाघाचं कातडं, दोन्ही हातांत टिपरी. आणि पाठीमागे गोल कड्यात ओवल्यासारखे छोटे छोटे ढोल.

“हा रायजिन. जपानचा गडगडाटाचा देव,” दादा म्हणाला. “आपल्याला आभाळात गडगड ऐकू येते ना, ती हा ढोल बडवतो म्हणून.”

हे बाबांना समजावं म्हणून त्याला ते ओरडून सांगावं लागलं. त्यामुळे पुढची सगळी माहिती वाडीतल्या सात घरांना आपसूक मिळाली. तिकडे म्हणे भात पोटरीत आलं की वीज चमकावी असं शेतकऱ्यांना वाटतं, विजेनं दाणा भरतो. हे बाबांना पटलं. आणि म्हणे गडगडाट चालू असताना पोरांनी पोट उघडं टाकलं तर हा रायजिन खाली उतरून त्यांची बेंबी पळवतो. हे आईला पटलं. दुसऱ्या दिवशी वाडीतली सगळी पोरं सदऱ्याच्या गुंड्या लावून खेळत होती. माझ्या वर्गातल्या एका पोरानं मला विचारलं, “बाई, बेंबी गेली तर परत येते काय?” मी त्याला विजेवरचा धडा दोनदा लिहायला लावला. माझा स्वभावच असा आहे, शांतपणे उत्तर द्यायला मला जमत नाही.

पण आईचं खरं काम पुढे होतं. आमच्याकडे प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो. त्याला वर्षाचा नारळ द्यावा लागतो आणि न विचारता तिथलं पानसुद्धा उचलायचं नसतं. तिच्या हिशेबानं दादा कोणाचा तरी राखणदार मोज्यात गुंडाळून घेऊन आला होता.

“विचारलंस त्याला, येतोस काय म्हणून?” तिनं दादाला विचारलं.

“आई, दुकानातून आणलाय. शोकेसमध्ये होता.”

“मेल्या, शोकेसमधला झाला म्हणून देव नाय काय तो? उद्या तुला कोणी मोज्यात कोंबून जपानला नेलं तर?”

देव्हाऱ्यात त्याला जागा मिळणार नव्हती. दात विचकणारा देव बाळकृष्णाशेजारी नको, हा मटणमच्छीवाला दिसतोय, असं आईचं मत. शेवटी पडवीत, जिथे बाबांचा ढोल खुंटीला असतो, तिथल्या फळीवर त्याला आभाळाकडे तोंड करून बसवला. आईनं नारळ ठेवला, पदर खोचला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा परदेशी म्हाराजा! माझ्या येड्या पोरानं तुला न विचारता उचलून आणला, ती चूक पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” दादा म्हणाला.

“तुझी भाषा आम्हाला येत नाय, आमची तुला येत नाय, तरी जे सांगत्ये ते समजून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.”

“आमच्या माडांवर, टीव्हीवर, विहिरीवरच्या पंपावर आणि हिच्या त्या मोबाईलवर वीज टाकू नको. आणि माझ्या पोराची बेंबी आहे तिथे राहू दे रे म्हाराजा!”

मग आईनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मी सातवीला ढगांतले धन आणि ऋण प्रभार शिकवते. फळ्यावर आकृती काढून शिकवते. म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

बाबांचं यातल्या कशाकडे लक्ष नव्हतं. ते फळीपाशी जाऊन देवाचे ढोल मोजत होते. दोनदा मोजले. मग वळून म्हणाले, “ह्याचा एक ढोल कुठे हाय?”

खरंच, कड्यात आठ जागा होत्या आणि ढोल सात. दादा हसत म्हणाला, “बॅग आपटली असणार कुठेतरी. सात आहेत की, कोणाला कळतंय?”

बाबांना हसू दिसलं. “दुसऱ्याचा ढोल जातो आणि तुला हसू येतंय?” असे काही खेकसले, की दादा एकदम उभाच राहिला. मी एवढ्या वर्षांत बाबांना दादावर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. आई नारळ फोडायला आत गेली.

त्या दुपारी बाबा अडकित्ता घेऊन पडवीत बसले. चार सुपाऱ्या फुकट गेल्या, पाचवी मनासारखी मधोमध कातरली गेली. तुम्ही कातरलेली सुपारी कधी नीट पाहिली असेल तर सांगायला नको, आत पांढऱ्या-तपकिरी रेघांची गुंतागुंत असते. देवाच्या प्रत्येक ढोलावर तीन शेपट्या गोल फिरल्यासारखी खूण होती, आणि सुपारीतल्या रेघाही जवळजवळ तशाच फिरल्या होत्या. बाबांनी ती अर्धी सुपारी पॉलिशपेपरनं घासली, चिकटवली आणि बोटानं हळूच वाजवून पाहिली. “झाला पुरा,” म्हणाले.

त्याच आठवड्यात दुपारचे गडगडाट सुरू झाले. आमच्याकडे परतीचा पाऊस चारच्या सुमाराला येतो आणि येताना आभाळ फोडून येतो. आई दादाच्या मागे धावायची, “बेंबी झाक, बेंबी झाक!” दादा चाळिशीचा, बोटीवरच्या जेवणानं पोट असं सुटलेलं की बनियन बेंबीपर्यंत पोचतच नाही. तो बिचारा पोटावर उशी घेऊन बसायचा. आणि बाबा? ते खुंटीवरचा ढोल काढून मांडीवर घ्यायचे, त्याच्यावर हात ठेवून रायजिनाशेजारी बसायचे आणि प्रत्येक गडगडाटाला म्हणायचे, “वाजला.”

पहिल्यांदा मला वाटलं, वीज दिसते म्हणून बोलत असतील. मग मी लक्ष ठेवलं. वीज चमकली की ते गप्प असत. चार-पाच सेकंदांनी आवाज आला की बरोबर त्या क्षणी, “वाजला.” लांबचा बारीक गडगडाट असला तर, “हा हळू मारला.” माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. बाबांना ऐकू येतंय! माझी जीभ आणि माझी स्कूटर, दोघींना ब्रेक कमी. कोणाला न विचारता मी सरळ ड्रायव्हरकाकांच्या दारात. “या आणि बघा,” म्हटलं. “उद्या चारला या. आभाळ भरलेलंच असणार.”

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरकाका, गुरवकाका आणि चुलतभाऊ असे तिघे पडवीत येऊन बसले. आणि आभाळ मेलं निळंभोर! साडेचार झाले, पाच वाजले. आईनं घावणे घातले. ते संपले. पुन्हा घातले. ड्रायव्हरकाका घड्याळ बघत म्हणाले, “तुमच्या देवाची गाडी लेट आहे.” आई फळीकडे बघून पुटपुटली, “नारळ खाल्लास ना? मग?”

सव्वापाचला समुद्राकडून काळोखी आली. वीज चमकली. बाबांचा हात ढोलावर, डोळे बाहेर. आवाज आला.

“वाजला,” बाबा म्हणाले.

ड्रायव्हरकाका कसले ऐकतात! “वीज दिसत्ये म्हणून सांगतायत. डोळे बांधा.” मी बाबांना खुणेनं सांगितलं. ते हसले आणि स्वतःच पंचा डोळ्यांवर बांधून घेतला. पुन्हा वीज, पुन्हा गडगडाट. “वाजला.” तिसऱ्यांदा, “हा दोनदा मारला. एक मोठा, एक बारका.” खरंच तसाच होता. गुरवकाकांनी मांडीवर थाप मारली. ड्रायव्हरकाका म्हणाले, “आयला, ह्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट!” चुलतभाऊ तर सुटल्यासारखा हसायला लागला. मी आत जाऊन चहाचा ट्रे घेऊन आले.

आमची पडवी अरुंद. बाबांच्या मांडीवरच्या ढोलामुळे ट्रे पुढे नेता येईना. पाच माणसं बसलेली, हातात गरम चहा, माझी आपली घाई. मी ट्रे एका हातावर तोलला आणि दुसऱ्या हातानं बाबांच्या हाताखालून ढोल काढून भिंतीला टेकवला. एवढंच केलं मी.

आणि त्या दिवसातला सगळ्यात मोठा गडगडाट झाला. कप बशीवर थडथडले. दादाच्या हातातून उशी पडली. आम्ही सगळे बाबांकडे बघत होतो. बाबा पंचा बांधून, हसऱ्या चेहऱ्यानं बसले होते. वाट बघत होते. त्यांचा उजवा हात, जिथे मघाशी ढोल होता तिथे, हवेत तसाच पालथा होता. पुन्हा एकदा गडगडलं. पुन्हा. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला, आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना.

“आज लवकर थांबला काय रे?” बाबांनी विचारलं.

  ढोलाचं कातडं गडगडाटानं थरथरतं आणि ते थरथरणं बाबा तळव्यानं ऐकत होते, हे मला त्या क्षणी कळलं. ध्वनी म्हणजे कंपनं, हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. मला माझीच इतकी लाज वाटली, की मी ट्रे घेऊन तशीच उभी राहिले.

आईनं पुढे होऊन बाबांचा पंचा सोडला. बाबांनी एकेकाचा चेहरा पाहिला, मग भिंतीला टेकवलेला ढोल पाहिला, मग मला. “नाय ऐकू येत,” ते म्हणाले. “मुळीच नाय.”

“मला ठाऊक होतं,” आई म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?” मी तिच्यावर ओरडले.

“कोणाला बोलू गो? त्यांना ऐकू येत नाय, आणि तुला ऐकायला सवड नाय.”

 मी ट्रे खाली ठेवला, ढोल उचलला आणि परत बाबांच्या मांडीवर दिला. बाबांनी तो जवळ ओढला आणि ड्रायव्हरकाकांना म्हणाले, “पयल्या ठोक्याला कान कशाला लागतात? त्याच्या आधी काय वाजतच नाय. मी कोणाचं ऐकू? बाकीच्यांनी माझा ऐकायचा.”

गुरवकाकांनी मान डोलावली. पण ड्रायव्हरकाका पडले ड्रायव्हर. “गाडी सुरू कोणीपण करतो. थांबायचं कसं?” हे मी कागदावर लिहून बाबांपुढे धरलं. बाबांनी तो वाचला. मग चुलतभावाला बोलावून शेजारी बसवला.

“पयला ठोका मी मारीन,” ते म्हणाले. “मग टिपरू ह्याचं. मी ह्याच्या ढोलावर हात ठेवून चालेन. ह्याचा थांबला की मला कळेल.” मग खाली बघून म्हणाले, “पण तेवढा पयला काढून घेऊ नका.”

चुलतभाऊ रडला. दादाही रडला, उशीत तोंड खुपसून. ड्रायव्हरकाका उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, “शिमग्याला बघू.” हो नाही आणि नाही नाही. त्या माणसानं पाच महिने आमच्या घराला टांगून ठेवलं.

दादा दिवाळीनंतर बोटीवर गेला. जाताना आईनं त्याच्या सामानात चार लांब बनियन घातले. बाबांनी पाच महिन्यांत शिमग्याबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त रोज संध्याकाळी फळीवरची धूळ पुसायचे आणि सुपारी घट्ट आहे ना ते बोटानं बघायचे.

यंदा पालखीच्या दिवशी सकाळी आम्ही देवळात पोचलो. बाबांनी ढोल अडकवला होता, चुलतभाऊ शेजारी. पालखी सजली, भोई उभे राहिले. सगळं गाव ड्रायव्हरकाकांकडे बघत होतं. त्यांनी बाबांना आपादमस्तक न्याहाळलं, मग मला म्हणाले, “गुरवानं आवाज दिलेला त्यांना ऐकू येणार नाय. तू समोर उभी राहा नि खूण कर. आणि घाई करू नको मेले, गुरवाचं पुरं होऊ दे.”

मी समोर जाऊन उभी राहिले. बाबा माझ्याकडे बघत होते. गुरवकाकांनी देवाला हाक दिली, ती पूर्ण झाली, तरी मी आणखी एक श्वास थांबले. जन्मात इतकी थांबले नसेन. मग हात वर केला. बाबांचं टिपरू पडलं. एकच ठोका, असा गोल आणि मोठा, की माझ्या पोटात वाजला. भोयांनी पालखी उचलली. बाबांनी गळ्यातून ढोल काढून चुलतभावाच्या गळ्यात घातला, टिपरू त्याच्या हातात दिलं आणि ढोलाच्या कडेवर तळवा ठेवून चालायला लागले.

पालखी सहाणेवर आली, टेकली. सनई थांबली, ताशे थांबले, चुलतभाऊ थांबला. बाबाही थांबले, तळवा कडेवरून कातड्यावर सरकवला. गुरवकाकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. “बा देवा म्हाराजा, जे लेकरू गावात हाय आणि जे पाण्यावर हाय, दोघांना सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” शेदोनशे माणसं एकदम म्हणाली. त्या आवाजानं ढोलाचं कातडं थरथरलं. बाबांना ते तळव्याला लागलं. आणि सगळं गाव गप्प झाल्यावर, मागाहून, एकट्यानं, खणखणीत आवाजात बाबा म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

दोन-चार पोरं फिस्सकन हसली. पुढच्या मागणीला पुन्हा तेच. गाव आधी, बाबा मागून. आई माझ्या कानाशी म्हणाली, “परदेशी म्हाराजाची संगत हो. आधी चमकतं, मग वाजतं.” मी हसणार होते, पण माझं लक्ष गुरवकाकांकडे गेलं. तिसऱ्या मागणीनंतर गावाचा ‘व्हय म्हाराजा’ झाला, तरी ते पुढचं बोलले नाहीत. हात जोडून बाबांकडे बघत थांबले. बाबांचा आला, मग त्यांनी चौथी मागणी मागितली. आणि मग शेवटपर्यंत ते प्रत्येक मागणीला तसेच थांबले.